दोन परीक्षक आणि न प्यायलेली कॉफी

भांडण कुठलंही असू द्या, माझ्या हाती एका दुपारपुरतं द्या, मिटवून परत करतो! हे वाक्य मी आमच्या लॉ कॉलेजच्या जिन्यात, भर गर्दीत, छाती काढून म्हणालो होतो. ऐकणारे सगळे कायद्याचे विद्यार्थी. त्यांनी लगेच विचारलं, "लेखी देतोस का?" मी नाही म्हणालो, एवढी एकच शहाणपणाची गोष्ट त्या महिन्यात माझ्या हातून घडली.

भांडण माझं नव्हतं. होतं डॉ. तैसीर आणि डॉ. मुनझिर यांचं. पण त्याचे चटके बसत होते मला.

आमचं कॉलेज लहान. अम्मानजवळच्या सल्त गावात, चढावर, पिवळ्या दगडांची तीन मजली इमारत, तिला एकच जिना, आणि प्रबंध तपासायला लायक असे दोनच प्राध्यापक. डॉ. तैसीर करार शिकवतात, डॉ. मुनझिर गुन्हे शिकवतात. माझा प्रबंध लिहून, बांधून, सोनेरी अक्षरांत नाव छापून तयार होता. आता फक्त तोंडी परीक्षा राहिली होती. ती महिनाअखेरपर्यंत झाली तर हंगामी व्याख्यात्याचा मी कायमचा व्याख्याता. नाही झाली तर नोंदणी रद्द, नोकरी खलास, आणि मामाच्या टायरच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. मामाने खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती!

आणि हे दोघे परीक्षक एका खोलीत बसायला तयार नव्हते. म्हणजे बसायचे एकाच खोलीत, कारण कॉलेजात तेवढीच खोली होती. पण मधे पुस्तकांचं कपाट उभं, आणि बोलणं माझ्यामार्फत.

"नायेल, त्या डॉक्टरांना सांग, पंखा बंद करा. माझे कागद उडतात."

मी कपाटाला वळसा घालून जायचो. "सर, ते म्हणतात..."

"ऐकू आलं. त्यांना सांग, कागदात वजन असेल तर उडत नाहीत."

मी परत वळसा घालायचो. असं माझं दिवसभर दळण चालायचं.

माझी तोंडी परीक्षा तोवर तीनदा ठरून तीनदा बारगळली होती. पहिल्यांदा डॉ. मुनझिरांनी दार उघडलं, आत डॉ. तैसीर दिसले, "खोली भरलेली दिसते" म्हणाले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा डॉ. तैसीरांचा रक्तदाब वाढला. तिसऱ्यांदा दोघेही आले, पण दोन वेगवेगळ्या मजल्यांवर बसले. मी प्रश्न खालून ऐकून उत्तर वर देत सुटलो! डीनसाहेबांनी मला जिन्यात अडवलं आणि म्हणाले, "ही परीक्षा कायद्याची आहे, धावण्याची नाही."

पण हे भांडण होतं तरी कशावरून? हा प्रश्न मला जेवू देत नसे. कुतूहल हा माझा जन्माचा आजार आहे. पहिल्या वर्षाची पोरं सांगत, गाडी लावायच्या जागेवरून. डीनसाहेब सांगत, दिवाणी संहितेच्या एका कलमाचा अर्थ लावण्यावरून. माजी विद्यार्थी शपथेवर सांगत की एकाने दुसऱ्याच्या लेखावर तळटीप लिहिली, ती लागली. मी गाडीची जागा मोजून आलो, ते कलम पाठ केलं, ती तळटीप शोधून वाचली. तळटिपेत फक्त पान क्रमांक होता! पान क्रमांकावरून कोणी इतकी वर्षं अबोला धरेल, हे मला पटेना. जवळचे मित्र होते म्हणे एके काळी. कॉलेजची सगळी नियमावली दोघांनी मिळून लिहिली, एका ताटात जेवले, आणि एका शुक्रवारनंतर सगळं थांबलं.

मग मी ठरवलं. जाहा न्यायची!

आमच्याकडे मोठं काम कोणी एकटा जाऊन करत नाही. चार वजनदार माणसं पुढे घालून समोरच्याच्या घरी जायचं, याला जाहा म्हणतात. घरचे कॉफी आणतात. जाहाचा म्होरक्या पेला हातात घेतो आणि न पिता खाली ठेवतो. "आमचं मागणं मान्य करा, तरच पिऊ!" कॉफी न पिता पाहुणा उठून गेला तर घराची सात पिढ्यांची अब्रू गेली. म्हणून घरचे म्हणतात, "प्या, दिलं." समेटापुढे कुठल्याही कोर्टाची मिजास नाही.

डॉ. मुनझिरांच्या वतीने डॉ. तैसीरांच्या घरी समेटाची जाहा, अशी माझी योजना. आधी घरी वर्दी द्यायला हवी. डॉ. तैसीर रागीट म्हणून मी शहाणपणा केला आणि थेट त्यांच्या आईला, म्हाताऱ्या हज्जाला फोन लावला.

"हज्जा, शुक्रवारी दुपारी, असरच्या नमाजानंतर आमची जाहा येईल म्हणतो."

"जाहा? कोणाची?"

"डॉ. मुनझिरांची."

पलीकडे काठी आपटल्याचा आवाज आला.

"कोण मुनझिर? तो लांब मानेचा?"

"तोच."

"एवढ्या वर्षांनी अक्कल आली म्हणायची मेल्याला!"

"आली हज्जा, आली! फार पश्चात्ताप झालाय त्यांना," मी माझ्या पदरचं सांगितलं.

"किती माणसं आणताय?"

"तीसेक."

"तीस? काय मातीला येताय का? साठ आणा! मी मन्साफ टाकते, दह्यातलं बकरं, भातावर!"

आणि फोन ठेवता ठेवता पलीकडे कोणीतरी "लुलुलुलु" असा हर्षाचा गजर केला. समेटाचा केवढा हा आनंद! माझा मला अभिमान वाटला.

आता डॉ. मुनझिर. त्यांना मी वर्गाबाहेर गाठलं. "सर, डॉ. तैसीर समेटाला तयार आहेत. शुक्रवारी त्यांच्या घरी जाहा नेतोय. तुम्ही फक्त बरोबर चला."

त्यांच्या हातातला खडू खाली पडला. "त्या घरात? मी?"

"हो सर."

"तिथे... सगळे असतील?"

"सगळे."

"सगळे म्हणजे," त्यांनी टायची गाठ सैल केली, "परीक्षा विभागसुद्धा?"

"सर, शुक्रवारी परीक्षा विभाग बंद असतो."

त्यांनी माझ्याकडे फार विचित्र नजरेने पाहिलं. मग हो म्हणाले. मला वाटलं, बिचारे घाबरलेत, काहीही विचारताहेत.

इथे परीक्षा विभागाचं सांगायला हवं. आमचा परीक्षा विभाग म्हणजे इन्साफ मॅडम. डॉ. तैसीरांची धाकटी बहीण. लग्न केलेलं नाही, आणि उशिरा आलेला अर्ज आयुष्यात घेतलेला नाही. एकदा खुद्द डीनच्या पुतण्याचा अर्ज वेळ टळल्यावर आला, तर खिडकी त्याच्या नाकावर लावली होती. अख्खं कॉलेज त्यांना टरकून असे. गुणपत्रिका वेळेत देणारा प्राध्यापक एकच, डॉ. मुनझिर. मुदतीच्या आधी, नवा टाय लावून, त्या नमाजाला गेलेल्या असताना त्यांच्या टेबलावर हळूच ठेवून यायचे. शिस्तीचा माणूस, असं आम्ही म्हणायचो.

त्या गुरुवारी परीक्षा विभागाला कुलूप! मॅडम रजेवर! पोरांनी कुलपाचे फोटो काढले. कोणी म्हणालं भूकंप येणार. दुपारी डॉ. तैसीर केस कापून, दाढी कोरून आले आणि कपाटाला वळसा घालून स्वतः माझ्याकडे आले.

"घरी कोणी येणार आहे म्हणे उद्या."

"हो सर. तुमची हरकत नसेल तर."

"माझी हरकत कधीच नव्हती," ते म्हणाले आणि नाक शिंकरत निघून गेले.

हरकत नव्हती तर इतकी वर्षं अबोला कशासाठी? माझं कुतूहल पोटात लाथा मारू लागलं. पण म्हटलं, आता शुक्रवार झाला की सगळं कळेलच.

जाहाला म्होरक्या हवा. तो मी शोधला होता अव्वल. निवृत्त न्यायाधीश अबू नवाफ, आमच्या कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीचे. निवृत्तीनंतर त्यांना दुसरा उद्योग नाही. उन्हाळ्यात लग्नसराई असते तेव्हा शुक्रवारी तीन-तीन जाहा नेतात. आवाज असा की मागणं घालताना मुलीकडचे तर रडतातच, मुलाकडचेही रडतात. उरलेली माणसं माजी विद्यार्थी संघाने पुरवली. सगळे वकील! कोणी कुठे बसायचं यावर घराखालीच वाद सुरू झाला. वयाने की तुकडीने? एकाने तर "पदवी आधी मिळाली पण सनद नंतर मिळाली, तर ज्येष्ठता कुठून धरायची" असा मुद्दा काढला. त्याला दोघांनी हाताला धरून वर चढवला.

अबू नवाफ माझ्या गाडीत होते. त्या दिवशीची ही त्यांची तिसरी जाहा. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "घरात कोण कोण, पोरा?"

माझी तयारी पक्की. "डॉ. तैसीर, त्यांची बायको, म्हातारी हज्जा, आणि बहीण, इन्साफ मॅडम."

"बहिणीचं लग्न?"

"झालेलं नाही."

"हं. आणि आपला माणूस?"

"डॉ. मुनझिर."

"हं." गाडी थांबली, ते उतरले, दगडी पायऱ्यांकडे पाहत उभे राहिले. "या पायऱ्या मी चढायच्या राहिल्यात, असं का वाटतंय मला?"

"आधी आला होता का इथे?"

"आलो नसणार. आलो असतो तर गुडघ्याने सांगितलं असतं."

वर पाहतो तर काय! घरावर दिव्यांच्या माळा! गल्लीत खुर्च्या, गालिचे. मन्साफच्या वासाने शेजारची मांजरंसुद्धा ओळीने बसलेली. वरच्या खिडकीतून "लुलुलुलु!" मी मनात म्हटलं, दोन माणसं बोलायला लागणार म्हणून रोषणाई करणारं घर म्हणजे खानदानीच! एका बाईने माझ्या अंगावर साखरेचे बदाम फेकले. एक कपाळावर बसला. तेही मी प्रेमाचं लक्षण मानलं.

डॉ. मुनझिर मात्र दारातच थिजले. "नायेल, हे दिवे कशाला?"

"सर, तुमच्या स्वागताला. चला!" मी त्यांना पाठीवर हात देऊन आत ढकललं.

बैठकीत समोरासमोर ओळी लागल्या. इकडे आमचे वकील, तिकडे डॉ. तैसीर आणि त्यांचे काका-मामा. आतल्या पडद्यामागे बायकांची कुजबुज. कॉफी आली. पहिला पेला अबू नवाफांच्या हातात. त्यांनी तो घेतला, अल्लाचं नाव घेतलं आणि समोरच्या टेबलावर ठेवला. सगळ्यांचे डोळे त्या पेल्यावर.

"डॉ. तैसीर, आम्ही तुमच्या दारी मागणं घेऊन आलोत."

"अबू नवाफ, कॉफी प्या," डॉ. तैसीर म्हणाले.  "मागाल ते दिलं."

करार शिकवणारा माणूस न वाचता सही करत होता! मला गहिवरून आलं. पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा, पहिल्या तारखेला कायमची नोकरी, मामाची खुर्ची रिकामी. मी डोळे मिटून सगळं पाहू लागलो.

"आधी ऐका, मग द्या," अबू नवाफ म्हणाले. त्यांनी दिव्यांच्या माळांकडे पाहिलं, बदामांच्या ताटाकडे पाहिलं, घसा साफ केला आणि आवाज लावला. तो आवाज! "अल्लाच्या आणि त्याच्या प्रेषिताच्या रीतीप्रमाणे, तुमची गुणी भगिनी इन्साफ हिचा हात, आमचे चिरंजीव मुनझिर यांच्यासाठी..."

मी ताडकन उठलो. "हरकत!"

"फेटाळली," अबू नवाफ मान न वळवता म्हणाले. सवय!

मी त्यांची बाही ओढली. "काका! ती सकाळची जाहा! ही समेटाची आहे! समेटाची!"

"खाली बस, पोरा. म्होरक्या बोलताना कोणी मधे बोलत नाही."

मी खाली बसलो.  आता डॉ. तैसीर उठतील, साठ माणसांना पायऱ्यांवरून गडगडत खाली पाठवतील, आणि माझ्या प्रबंधाचा टायरच्या दुकानात वजन म्हणून उपयोग होईल. मी बोटांच्या फटीतून पाहिलं. डॉ. तैसीर शांत होते. त्यांचे काका-मामा शांत होते. किंबहुना खुशीत होते! तोंडं उघडी पडली होती ती फक्त आमच्या बाजूच्या माणसांची.

म्हणजे या घराला हेच मागणं अपेक्षित होतं? पण का?

पडदा सरकला आणि हज्जा काठी आपटत बाहेर आली. सरळ डॉ. मुनझिरांपुढे उभी राहिली.

"आलास एकदाचा! त्या शुक्रवारी सत्तर माणसांचं मन्साफ रांधलं होतं मी! कॉफी तीनदा तापवली! रस्त्याकडे बघून बघून माझी मान धरली. तुझी जाहा आलीच नाही. आठवडाभर अख्खी गल्ली मन्साफ खात होती, आणि माझी पोरगी एक शब्द बोलली नाही!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडीची जागा नाही, कलम नाही, तळटीप तर नाहीच नाही! आम्ही सगळे कायद्याचे पंडित इतकी वर्षं पुस्तकं उलथीपालथी करत होतो, आणि भांडण होतं एका न आलेल्या जाहाचं.

"माझ्या जिवलग मित्राने हे करावं?" डॉ. तैसीर आता खरोखरच चिडले. "पाहुणे बसलेले होते माझ्या घरात!"

डॉ. मुनझिर उठले. पांढरेफटक पडले होते. "त्या दिवशी सकाळी वडील जिन्यावरून पडले. मी त्यांना घेऊन अम्मानच्या हॉस्पिटलात पळालो. पण निरोप पाठवला होता, तैसीर! जाहा आठवड्याने येईल म्हणून. परत आलो तर माझी खुर्ची खोलीबाहेर, आणि मधे कपाट. मला वाटलं, तुम्ही नाही म्हणालात."

इतक्या वर्षांत ते दोघे पहिल्यांदाच माझ्याशिवाय बोलत होते.

"निरोप? कसला निरोप? कोणाकडे दिला होतास?"

"जाहाच्या म्होरक्याकडे."

"कोण होता म्होरक्या?"

डॉ. मुनझिरांनी हळूच मान वळवली. मग वकिलांच्या पूर्ण ओळीने मान वळवली. काका-मामांनीही वळवली. अबू नवाफ छताकडे पाहत होते.

"त्या शुक्रवारी," ते बारीक आवाजात म्हणाले, "चार जाहा होत्या."

हज्जा एक पाऊल पुढे आली, तसे ते घाईने सांगू लागले.

"तीन नेल्या. चौथीचा काहीतरी निरोप होता, एवढं आठवत होतं. म्हणूनच म्हटलं, या पायऱ्या राहिल्यात." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "खरं सांगू? आत्ता तोंड उघडलं ते सवयीने, चुकूनच. पण वाक्य संपायच्या आत सगळं आठवलं. मग म्हटलं, थांबायचं कशाला!"

हज्जाने काठी उचलली. दोन वकील मधे पडले. एकाने वयोमर्यादेचा मुद्दा काढला, दुसऱ्याने मुदतबाह्य दाव्याचा. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला.

"एक मिनिट."

आमची वकिलांची सगळी ओळ उठून उभी राहिली. तो आवाज आम्ही परीक्षा विभागाच्या खिडकीतून ऐकलेला होता!

इन्साफ मॅडम दारात उभ्या होत्या. गडद हिरवा झगा, डोक्यावर मोतिया रंगाचा रुमाल. त्या इतक्या सुंदर दिसू शकतात, हे कॉलेजात कोणाला ठाऊक नव्हतं. चेहरा मात्र नेहमीचाच.

"भाऊ दिलं म्हणाला. आई भांडून झाली. मला कोणी विचारलंय का?"

डॉ. तैसीर खाली पाहू लागले. कराराचे प्राध्यापक आणि मुख्य पक्षाची संमतीच घ्यायला विसरले!

"अर्जदार कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी," डॉ. मुनझिर म्हणाले.

"अर्ज फार उशिरा आलाय."

"हो."

"कारण?"

"वडील पडले. निरोप पोचला नाही. नंतर... नंतर धीर झाला नाही."

"गुणपत्रिका मात्र इतकी वर्षं मुदतीच्या आधी."

"त्या निमित्ताने तुमच्या टेबलापर्यंत तरी येता यायचं."

"मी नसताना."

"तुम्ही असताना पाय थरथरायचे," डॉ. मुनझिर म्हणाले. गुन्हे शिकवणारा माणूस, खुन्यांविषयी बोलताना ज्याची पापणी हलत नाही, तो शाळकरी पोरासारखा बोटं मोडत होता. आयकराचे वकील अबू जमील यांनी मोठ्याने नाक ओढलं. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

मॅडमनी टेबलाकडे पाहिलं. पेल्यातली कॉफी पार गार झाली होती.

"मी आजवर उशिरा आलेला एकही अर्ज घेतलेला नाही," त्या म्हणाल्या.

गेलं! सगळं गेलं! मला टायरचा वास यायला लागला.

"हा घेते. अपवाद म्हणून. पायंडा समजू नये."

मग जो काही गलका झाला! "लुलुलुलु"ने कानठळ्या बसल्या. बदामांचा मारा झाला. डॉ. तैसीर डॉ. मुनझिरांच्या गळ्यात पडले आणि दोघे ओक्साबोक्शी रडले. अबू नवाफांनी ती गार कॉफी एका घोटात संपवली, आणि हज्जाने त्यांना शिक्षा म्हणून आणखी एक गार पेला पाजला. सोयरीक पक्की झाल्याची फातिहा पढली गेली. निकाहाआधी रक्ततपासणीचा दाखला लागतो म्हणून बरं, नाहीतर म्हातारीने त्याच संध्याकाळी काझी बोलावला असता. "हा पुन्हा पळाला तर?" एवढंच तिचं म्हणणं. निकाह पुढच्या गुरुवारी ठरला.

मी हिरो झालो! जिन्यात पोरं मला वाट देऊ लागली. कपाट भिंतीला लागलं. दोन्ही डॉक्टर दिवसभर एकमेकांशी इतके बोलत की तासाची घंटा त्यांना ऐकू येईना. आणि गुरुवारी निकाहाच्या वेळी डॉ. तैसीर म्हणाले, "एक साक्षीदार नायेलच हवा. हे सगळं त्याच्यामुळे!" मी पुढे झालो आणि झोकात सही केली.

माझी तोंडी परीक्षा लगेच रविवारी, आमच्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, ठेवली होती. महिना संपायला दोन दिवस उरलेले. एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या शेजारी शेजारी, आणि त्यांच्यावर दोन्ही परीक्षक! आई नवा झगा घालून मागच्या रांगेत. मामाही आला होता, जरा हिरमुसलेला. परीक्षक एकाच ताटलीतली कुनाफ्याची मिठाई खात होते.

"तर नायेल," डॉ. तैसीर म्हणाले, "तुझा प्रबंध आम्हा दोघांनाही..."

दार उघडलं. इन्साफ मॅडम. हातांवर मेंदी, बगलेत नियमावली.

"परीक्षा थांबवा."

"का गं?" डॉ. तैसीर.

"का हो?" डॉ. मुनझिर. 'हो' जरा लाडात.

"रक्ताने किंवा लग्नाने नातं असलेले दोन परीक्षक एका समितीत बसू शकत नाहीत. नियम आहे."

"कसलं नातं?"

"मेहुण्याचं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "हा असला मूर्ख नियम केला कोणी?" डॉ. मुनझिर ओरडले.

मॅडमनी पहिलं पान उघडून दाखवलं. "मसुदा डॉ. तैसीर. दुरुस्त्या डॉ. मुनझिर. तेव्हा तुम्ही बोलत होता."

"इन्साफ, एक तासभर लग्न झालंच नाही असं समजू या का?" डॉ. मुनझिर म्हणाले, आणि म्हणता क्षणी त्यांना कळलं की आपण काय म्हणालो. मॅडमनी नुसतं पाहिलं. डॉ. तैसीर खुर्ची सरकवून उभे राहिले. "काय म्हणालास माझ्या बहिणीला?" मी धावत मधे पडलो. एवढ्यात कपाट पुन्हा मधे येणं मला परवडणारं नव्हतं!

मॅडमनी टिपण केलं. परीक्षा तहकूब. नवे परीक्षक बाहेरगावाहून येतील, पुढच्या सत्रात. तोवर नोंदणी जिवंत ठेवायची तजवीज त्या करतील, पण व्याख्यात्याची जागा काही थांबणार नाही. मागच्या रांगेत मामाचा चेहरा खुलला. तो आईला हळूच सांगू लागला की दुकानात हल्ली पंखासुद्धा बसवलाय.

मी कायद्याचा माणूस. शेवटचा मुद्दा बाकी होता. "मॅडम, पण हे लग्न कायद्याने पुरं झालंय, याला पुरावा काय?"

त्यांनी नियमावलीतून घडी घातलेला निकाहनामा काढला, माझ्यापुढे धरला आणि खालच्या कोपऱ्यावर मेंदीचं बोट ठेवलं.

"साक्षीदाराची ही सही कोणाची?"

सही माझीच होती. खाली दोन रेघाही मारल्या होत्या मी, आनंदाच्या भरात!